द्विनोंदी फोटो

फोटो म्हटला की कलावंताला प्रकाश आठवतो, प्रियकराला प्रेयसी आठवते आणि बँकेतल्या कारकुनाला डिंक आठवतो. अर्जावर फोटो चिकटवायचा, त्यावरून आडवी सही घ्यायची आणि पुन्हा त्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, एवढीच आमची कलादृष्टी. तिच्या बळावर मी सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांवर लिहायला बसलो, तेव्हा आमची सौ. म्हणाली, "अहो, त्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

वाकडं काही नाही, उलट आपुलकीच आहे. ओलवे अकोल्याचे, आणि १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत आमचं रिठदही अकोला जिल्ह्यातच होतं. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा काउंटरमागे मीच जरा ताठ बसलो होतो.

शहरातली माणसं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे दाखवायची फोटोवाल्यांना फार हौस. लोकलच्या कड्यांना लोंबणारे हात, एका छत्रीत तिघं, एका चहात दोघं. पाहणाऱ्यालाही बरं वाटतं. या घराण्याचं मूळपीठ म्हणजे एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ साली न्यूयॉर्कला भरवलेलं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे प्रदर्शन. ६८ देश, ५०३ फोटो आणि सांगणं एकच, माणूस इथून तिथून सारखा. त्यावर रोलां बार्त या फ्रेंच समीक्षकाची तक्रार अशी की, जन्ममरण सगळ्यांना सारखंच म्हटलं की इतिहासानं माणसामाणसांत केलेला फरक झाकला जातो. मला तर लग्नातला ग्रुप फोटोच आठवला. सगळे हसतमुख, सगळे एका रांगेत. फक्त मांडवामागं भांडी घासणाऱ्या बाईला कुणी हाक मारलेली नसते.

ओलवे यांनी कॅमेरा नेमका मांडवामागं नेला. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम २०१३ साली पुस्तकरूपानं आलं. चित्रं कृष्णधवल आहेत. मॅनहोलमध्ये उतरलेली माणसं, ढिगाऱ्यात उभी राहून उघड्या हातांनी कचरा उचलणारी माणसं. यातली बहुतेक दलित समाजातली. पुस्तक आमच्या एका शेतकरी खातेदारानं चाळलं आणि म्हणाला, "साहेब, या फोटोवाल्यानं कोणालेच हसा म्हणलं नाही वाटते."

पुस्तकाची याहून नेमकी समीक्षा मला जमणार नाही. पण मी पडलो बी.कॉम., म्हणून दोन आकडे मांडतो. हिशेबाचा मूळ नियम असा की, घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याच्या जमा. एकेरी नोंद चालत नाही. या फोटोंत देणारा ठसठशीत दिसतो. घेणारा कुठंच नाही. आधी वाटलं, ही उणीव आहे. चौथ्या मजल्यावरचा तो गृहस्थ, आंब्याची कोय पिशवीत टाकणारा, तोही दिसायला हवा होता. मग ध्यानात आलं की नावेची बाजू कोरी सोडलेली नाही. ती बाजू पुस्तक हातात धरून बसली आहे. ग्रुप फोटोत आपण स्वतःला शोधतो; इथं फोटोच आपल्याला शोधून काढतो. शहरी नातं दाखवणारे फोटो मी पुष्कळ पाहिलेत. त्या नात्याचं येणं-देणं दाखवणारे हेच.

एक तक्रार मात्र नोंदवतो. कृष्णधवल छपाईत गटाराचा काळा रंगसुद्धा रेशमासारखा दिसतो. वास तर येतच नाही. दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर असं पुस्तक शोभून दिसण्याचा धोका असतो, आणि पाहुणा "काय कॉन्ट्रास्ट आहे!" म्हणून चहा मागतो.

याच २०१३ साली हातानं मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा नवा कायदा झाला. गटारात माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच राहिल्या. आमच्याकडे संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला तरी रोकड जुळेपर्यंत कुणाला घरी जाऊ देत नाहीत. शहरं मात्र एवढा मोठा फरक ठेवून रोज रात्री दिवे मालवतात आणि स्वस्थ झोपतात.