विश्वास कोणी कोणावर ठेवायचा?

पोलीस आणि मुसलमान हा विषय आपल्याकडे बहुधा चौकशी आयोगांच्या अहवालांतून येतो. आपल्या कथा-कवितांत संचारबंदी आली, झडती आली, मध्यरात्री वाजणारी कडी आली. पण या नात्याचा शिस्तीने अभ्यास करणाऱ्या पुस्तकांची चिकित्सा आमच्या वाचनात फारशी आली नाही. म्हणून येथे सुरेश खोपडे यांच्या 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या पुस्तकाच्या निमित्ताने काही प्रश्न मांडावेसे वाटतात.

पुस्तकाचा प्रश्न त्याच्या नावातच आहे. भिवंडी १९७० साली जळाली, १९८४ साली पुन्हा जळाली. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलीस तपासातील पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवले होते. असे हे यंत्रमागाचे, दाटीवाटीचे गाव ६ डिसेंबर १९९२ नंतर मात्र शांत राहिले आणि शेजारची मुंबई पेटली. न्या. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईतील मृतांचा आकडा ९०० दिला. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मुंबई पोलिसांत मुसलमानांविषयी पूर्वग्रह होता, हेही त्या आयोगाने नोंदवले.

खोपडे यांचे उत्तर असे की, १९८८ पासून भिवंडीत पोलिसांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतील माणसे आणि त्या भागातील पोलीस नियमित एकत्र बसत. नळाचे भांडण, गटार, छेडछाड, भाडेकरूचा वाद अशा बारीकसारीक गोष्टी तेथेच मिटत. जुन्या शांतता समित्यांत नेते आणि वजनदार मंडळी असत. खोपडे यांचा भर सामान्य माणसावर होता. हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो. उर्दूतला 'एतबार' आणि मराठीतला 'मातबर' हे एकाच धातूचे शब्द. 'मोतबर' म्हणजे ज्याच्यावर एतबार करावा तो. मराठीत येता येता मोतबरचा मातबर झाला आणि भरवशाच्या जागी पैसा व वजन आले. शांतता समित्यांचेही नेमके हेच झाले होते. खोपडे यांनी मातबरांना बाजूला सारून मोतबर माणसे शोधली, हे त्यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ सालच्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाला विद्वत्तेचा आधार दिला. त्यांचा सिद्धांत असा की, ज्या शहरांत हिंदू-मुसलमान संघटना, व्यापार, युनियन यांत एकत्र गुंतलेले असतात, तेथे अफवा दंगलीपर्यंत पोहोचत नाही. नुसती रोजची ओळखदेख पुरत नाही. कालिकत आणि अलीगढ यांची त्यांनी केलेली तुलना मुळातून वाचण्यासारखी आहे. भिवंडीत ही गुंतवणूक वरून, पोलिसांच्या पुढाकाराने झाली, एवढाच फरक.

आमचा आक्षेप येथून सुरू होतो. हे दोन्ही लेखक यशाचे माप म्हणून एकच गोष्ट धरतात: हिंदू-मुस्लीम दंगल झाली की नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. ती जागा कब्रस्तानची असल्याचा दावा होता. गोळीबारात दोघे ठार झाले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. गाव मात्र हिंदू-मुस्लीम दंगलीत ओढले गेले नाही. म्हणजे वरील मापाने पाहिले तर ही घटना हिशेबातच येत नाही! दोन समाजांतील सलोखा टिकला, पण पोलीस आणि मोहल्ला यांतील एतबार तुटला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुस्तकांनी त्या एक धरल्या आहेत. आपल्या लोकांनीही हे ध्यानात घ्यावे की, त्या दोन पोलिसांच्या हत्येचे समर्थन कोणत्याही तक्रारीने होऊ शकत नाही. ते हात आपल्यातलेच होते, हे म्हणायला आपण कचरू नये.

विभूती नारायण राय यांचे काम या ठिकाणी अधिक खोल जाते. स्वतः पोलीस अधिकारी असून त्यांनी विचारले की, दंगलीच्या वेळी पोलीस कोणास मित्र वाटतो आणि कोणास शत्रू? उत्तर धर्मागणिक बदलते, हे त्यांनी निर्भीडपणे लिहिले. पण यालाही दुसरी बाजू हवी. आम्ही बी.एड.ला मूल्यमापन शिकलो. केवळ विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन शाळेचा दर्जा ठरत नाही, शिक्षकही तपासावा लागतो. जनतेला पोलिसांवर विश्वास आहे का, एवढेच विचारणे ही अर्धी परीक्षा झाली. पोलिसांना जनतेवर विश्वास आहे का?

'कॉमन कॉज' आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या २०१९ च्या पाहणीने हा प्रश्न विचारला. २१ राज्यांतील सुमारे बारा हजार पोलिसांशी बोलून हाती आलेले उत्तर असे की, मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे वळतात असे कमी-अधिक प्रमाणात निम्म्या पोलिसांना वाटते. त्याच पाहणीत पोलीस सरासरी चौदा तास राबतो, हेही दिसले. थकलेला माणूस विचार करीत नाही, ऐकीव मतावर चालतो. म्हणून ती दोन उत्तरे आम्ही शेजारी ठेवून वाचतो. पूर्वग्रहाची ती सबब नव्हे. पण इलाज करायचा तर दोन्ही ठिकाणी करावा लागेल.

या आकड्यांच्या उजेडात खोपडे यांचे पुस्तक पुन्हा वाचले की, त्याचे बळ आणि उणीव दोन्ही उमगतात. बळ हे की, शिपाई आणि विणकर एका सतरंजीवर बसले तर दोघांचीही मते बदलू शकतात. उणीव ही की, बैठक बोलावणे वा न बोलावणे शेवटी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. साहेब बदलला की समितीचे काय, याचे बंधनकारक उत्तर नाही. बारा तासांच्या पाळीत अडकलेला मागवाला आणि घरातली बाई त्या सतरंजीवर कितपत येतात, हेही विचारायला हवे.

मुसलमानांनी विश्वास ठेवावा, असा उपदेश आपल्याला वारंवार ऐकावा लागतो. एतबार मागून मिळत नाही, तो वागण्यातून कमवावा लागतो, आणि हे मोहल्ल्यालाही लागू आहे. तरीही बंदूक, लाठी आणि तपासाची लेखणी ज्याच्या हाती, त्याने पहिले पाऊल टाकावे, ही अपेक्षा न्यायाची आहे. खोपडे यांनी एका गावात ते पाऊल टाकून दाखवले. आता त्या वाटेला कायद्याचा आधार हवा, म्हणजे भिवंडीची शांतता एखाद्या भल्या अधिकाऱ्याची मेहेरबानी न राहता नागरिकांचा हक्क होईल.