एक ठेवीची, एक कर्जाची

आमच्या घरात चाक म्हणून आहे ते एकट्या शिवणयंत्राला. तेव्हा मी मोटारींवर मत देऊ नये, असे आमच्या हिचे म्हणणे. पण वीस वर्षे इतरांच्या मोटारकर्जांचे हप्ते मांडल्यावर माणसाला एवढा अधिकार पोचतो.

सामना दोघींचा. फोर्डची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) आणि १९५९ची कॅडिलॅक. दोघी अमेरिकन, आणि दोघींना ढकलतात मागची चाके. म्हणजे पुढे मिरवणारा वेगळा, राबणारा वेगळा. आमच्या शाखेसारखेच!

मॉडेल टी ही जुन्या वळणाची काकू. शक्ती वीस अश्वांची. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आणि पंपाचा पत्ता नाही. पेट्रोल आपल्या वजनाने उतरून इंजिनात जायचे. उभ्या चढावर इंजिन वर आणि टाकी खाली झाली, की पुरवठा बंद. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. वरच्यांकडे पाठ करून वर चढलेला कोणी आमच्या बँकेत तरी माझ्या पाहण्यात नाही.

कॅडिलॅक पावणेएकोणीस फूट लांब, ३२५ अश्वांची. मागे दोन उंच पंख आणि त्यांत बंदुकीच्या गोळ्यांसारखे लाल दिवे. पंखांचा उपयोग काय? शेजाऱ्याची झोप उडवणे. १९६० साली कंपनीने पंख बुटके केले, आणि कालचा ऐटबाज मालक एका वर्षात जुना झाला. उलट काकूंचा अवतार फारसा न बदलता किंमत उतरत गेली. सुरुवातीला ८५० डॉलर, १९२५मध्ये सर्वांत स्वस्त मॉडेल २६० डॉलर.

पण खरा झगडा माझ्या टेबलावरचा आहे. १९२३ साली फोर्डने योजना काढली : दर आठवड्याला बँकेत पाच डॉलर भरा, पूर्ण रक्कम साठली की मोटार न्या. चक्क आमचे रिकरिंग! कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९१९पासूनच कर्ज देणे सुरू केले होते : मोटार आज न्या, पैसे सावकाश फेडा. जिंकले कोण, हे सांगायला कॉमर्सची पदवी लागत नाही. १९२८ साली फोर्डनेही कर्ज देणारी कंपनी काढली.

माझे मत अर्थातच काकूंना. ऋण काढून पंख लावू नयेत.

फक्त एक आठवण आड येते. माझ्या वडिलांनी मला सायकल घ्यायची म्हणून पोस्टात पैसे साठवले. कर्ज या शब्दाचा त्यांना विटाळ. रक्कम पुरी झाली, सायकल दारात आली, तेव्हा मी शाळा-कॉलेज पायी संपवून बँकेत लागलो होतो, तोही परगावी. त्यांनी घंटी वाजवून दाखवली. मी ‘छान आहे’ म्हटले.

ठेवीवर व्याज मिळते. गेलेले वय मिळत नाही.

म्हणून कोणी तरुण बाप मुलाच्या सायकलसाठी कर्ज मागायला आला, की मी आधी बचतीवर पाच मिनिटे व्याख्यान देतो. आणि ते देतादेताच फॉर्म भरायला घेतो.