मारुतचा नेम

एचएएलने बनवलेल्या मारुत या लढाऊ विमानाचा विषय निघाला की लोक थेट इंजिनावर येतात. ठरलेले ताकदवान इंजिन ब्रिटिशांनी पुढे बनवलेच नाही, कमी जोराच्या ऑर्फियस 703 वर भागवावे लागले, आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचा मनसुबा आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्यावरच अडला. गोष्ट खरी आहे. पण ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्या आड विमानच दिसेनासे झाले. दुःखी कथानायक म्हणून मारुतला सगळे ओळखतात. चांगले घडवलेले शस्त्र म्हणून त्याच्याकडे पाहणारे थोडे.

बंगळुरूतल्या बेळ्ळंदूर तळ्याच्या उत्तरेला एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सची, धावपट्टी आहे. तळ्याकाठच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवरून तेजस या आजच्या लढाऊ विमानाची उड्डाणे दिसतात. घरातली मुले आवाजावरून विमान ओळखायला शिकतात. 1961 च्या जूनमध्ये सुरंजन दास यांनी मारुतचा पहिला नमुना याच धावपट्टीवरून उडवला. तिथून जवळच, जुन्या विमानतळ रस्त्यावर, एचएएलचे संग्रहालय आहे. तिथे मारुतच्या शेपटीकडे जाण्याआधी नाकापाशी थांबावे. दोन्ही बगलांना दोन-दोन तोफांची तोंडे आहेत. त्या चार भोकांमागे कॉकपिट, आणि कॉकपिटात वैमानिकाच्या मांड्यांमध्ये येणारी स्टिक. या विमानाचा सगळा अर्थ त्या भोकांपासून स्टिकेपर्यंतच्या काही हातांच्या अंतरात आहे, असे माझे मत आहे.

ते अंतर कसे तयार झाले ते पाहायला पहिल्या महायुद्धात जावे लागते. सुरुवातीला विमानातून पिस्तुले, रायफली झाडल्या जात. पुढे मागच्या निरीक्षकाच्या हाती फिरती मशीनगन आली: एकाने विमान हाकायचे, दुसऱ्याने नेम धरायचा. बंदूक समोर झाडायची तर मध्ये पंखा. फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोसने 1915 मध्ये पंख्याच्या पात्यांना पोलादी पाचरी ठोकल्या. पात्यावर आदळणारी गोळी बाजूला उडावी एवढाच हेतू. हा उपाय धाडसी होता आणि ओबडधोबड. त्याच वर्षी फोकरच्या विमानांवर पंख्याशी जुळवलेली मशीनगन आली, पाते समोर असताना गोळी सुटणारच नाही अशी. तिने पात्यांचा प्रश्न तर सोडवलाच, पण मोठा बदल वेगळाच झाला. बंदूक विमानाला घट्ट आवळली गेली, आणि यापुढे नेम धरायचा म्हणजे विमानच रोखायचे. हाकणे आणि मारणे ही दोन कामे एका मुठीत आली.

या एका निर्णयाचे ओझे पुढची सगळी लढाऊ विमाने वाहत आली आहेत. बंदूक विमानाला पक्की बांधल्यावर स्टिकेतला प्रत्येक ढिलेपणा नेमातला दोष होतो. जुन्या एसटीच्या स्टिअरिंगसारखी अर्धा वेढा पोकळ फिरणारी स्टिक घेऊन विमान उतरवता येईल, पण तीनशे मीटरवरचे पळते विमान टिपता येणार नाही. म्हणून लढाऊ विमानाचे सुकाणू आणि त्याची शस्त्रे यांवर वेगवेगळी प्रकरणे लिहिणाऱ्या पुस्तकांवर माझा फारसा विश्वास नाही.

मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर ज्या विमानातून लढले ते सॉपविथ डॉल्फिन या दृष्टीने फार बोलके आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले हिंदी वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वेलिणकर त्यांतले एक. ते 23 व्या स्क्वाड्रनमध्ये होते. जून 1918 मध्ये ते पाडले गेले आणि 30 जूनला जखमांनी गेले. फ्रान्समध्ये हँगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

डॉल्फिनचा वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकवलेला होता, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर येई. वर आणि समोर काय दिसत असेल! दुसऱ्या कुठल्याच समकालीन विमानाने एवढे आकाश दिले नाही. किंमतही तशीच होती: उतरताना विमान नाकावर उलटले तर आधी मान सापडणार.

शस्त्रे दोन जातींची. नाकावर दोन व्हिकर्स, पंख्याशी जुळवलेल्या. ती जुळवणी रुमानियन अभियंता जॉर्ज कॉन्स्टँटिनेस्को याच्या यंत्रणेची: इंजिनाकडून तेलाच्या नळीतून दाबाचे ठोके बंदुकीपर्यंत जात. तेलाचा दाब टिकवायला वैमानिकाने मधूनमधून हाताने पंप करायचा. हे सगळे करूनही व्हिकर्सची जोडी सुरेख, कारण ती विमानाशी एकजीव होती. डोक्यापुढच्या आडव्या नळीवर मात्र दोन लुईस गन बसवलेल्या, तोंड वर तिरके. शत्रूच्या पोटाखाली शिरून वर मारायचे, ही कल्पना कागदावर झकास. प्रत्यक्षात त्या गन सैल होत, झोकांड्या खात आणि वैमानिकाच्या तोंडावर येऊन आदळत. वैमानिकांनी एक किंवा दोन्ही काढूनच टाकल्या. हा प्रसंग मला फार शिकवणारा वाटतो. चार बंदुका म्हणजे दुप्पट मारा, असे आराखडा काढणाऱ्याला वाटले असणार. उडवणाऱ्याने त्यांतून जेवढ्या स्टिकेच्या हुकमतीत होत्या तेवढ्याच ठेवल्या.

आता मारुतचा कर्ता. कुर्ट टांक 1956 मध्ये बंगळुरूला आला तेव्हा त्याच्या नावावर फॉक-वुल्फ 190 हे दुसऱ्या महायुद्धातले गाजलेले विमान होते. टांक स्वतः आपली विमाने उडवून पाहायचा, आणि ते त्याच्या आराखड्यांत उतरलेले दिसते. 190 मध्ये सुकाणूची जोडणी तारांनी नव्हे, ताठ दांड्यांनी केलेली होती. तार ताणली जाते, दांडा ताणला जात नाही. इंजिनाच्या सगळ्या किल्ल्या एका तरफेत आणल्या होत्या, म्हणजे लढाईत डावा हात एकाच कामाला. पंखाच्या मुळाशी बसवलेल्या तोफा पंख्याच्या पात्यांमधून झाडायच्या, आणि त्यांची जुळवणी विजेवर. घोडदळात राहिलेल्या या माणसाला शर्यतीचा घोडा नको होता. चिखलात, थंडीत, अडाणी हातांखालीही तग धरील असे जनावर हवे होते.

टांक आला तेव्हा एचएएल रिकामे नव्हते, हे इथे सांगायला हवे. वालचंद हिराचंदांनी 23 डिसेंबर 1940 ला म्हैसूर संस्थानाच्या साथीने हा कारखाना उभा केला होता. गडहिंग्लज भागातले विष्णु माधव घाटगे गॉटिंगेनला लुडविग प्रांड्टलच्या हाताखाली वायुगतिकी शिकून इथे आले होते. त्यांचे एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडाले. म्हणजे जर्मन आराखडा बंगळुरूच्या मातीत अचानक येऊन पडलेला नाही. गॉटिंगेनचा एक धागा मराठी माणसाने इथे आधीच आणून ठेवला होता.

मारुतच्या नाकातल्या चार तोफा 30 मिमीच्या ॲडेन. ॲडेन ब्रिटिश खरी, पण तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीत तयार झालेल्या माउझर एमजी 213 मध्ये: रिव्हॉल्व्हरसारखा फिरता दंडगोल, आणि काडतूस पेटवायला वीज. म्हणजे टांकच्या विमानात जर्मन वंशाचीच तोफ आली, फक्त इंग्लंडची वाट करून. प्रत्येकीला 120 गोळे. मिनिटाला बाराशेच्या वेगाने झाडली तर सहा सेकंदांत पेटी रिकामी. चारी मिळून सेकंदाला 80 गोळे; गोळा पाव किलोच्या आतबाहेरचा धरला तर सेकंदाला 18-20 किलो पोलाद आणि दारू. वेलिणकरांच्या दोन व्हिकर्स सेकंदाला जेमतेम पाव किलो शिसे फेकत असतील. दोन्ही विमानांत चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. बोटाला मात्र दोन्हीकडे तेच काम: चाप दाबायचा.

सहा सेकंद! चुकीचा नेम दुरुस्त करायला त्यात जागा कुठे आहे? म्हणूनच तोफा पंखांत न ठेवता नाकात ठेवण्याला मोल आहे. पंखांतल्या तोफांचे मारे ठरावीक अंतरावर एकत्र यावेत अशी तिरकस मांडणी करावी लागते, आणि त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे मारा विस्कटतो. नाकातल्या तोफा वैमानिकाच्या नजरेच्या रेषेलगत असतात. दोनशे मीटरवर आणि सहाशे मीटरवर तोच झोत. काचेवरचा जायरो नेमदर्शक वळणाचा वेग पाहून ठिपका सरकवतो. ठिपका लक्ष्यावर धरणे एवढेच हाताचे काम उरते. स्टिकेने काय ते करायचे.

नाकात तोफा ठेवण्याचे भोगही आहेत. तोंडातून निघणारा धूर मागच्या हवा-मुखांकडे जातो. हंटर या लढाऊ विमानाच्या पहिल्या अवताराला याचा इतका त्रास झाला की उंचावर तोफा झाडल्या की एव्हन इंजिन अडखळे. हंटरच्या चार ॲडेन एका सुट्या पेटीत होत्या. जमिनीवर ती पेटीच खाली उतरवून भरलेली दुसरी चढवता येई. देखभालीच्या दृष्टीने हंटरची ही मांडणी मारुतपेक्षा सरस, हे मान्य करायला हवे. मारुतच्या सडपातळ नाकात तेवढी ऐस जागा नव्हती. चाचण्यांत चारही तोफा एकदम झाडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी तर चांगलेच छळले. ढोबळ हिशेब केला तरी चार ॲडेनचा मागचा रेटा दीड टनाच्या घरात जातो, आणि दोन्ही ऑर्फियस मिळून पुढे ढकलतात साडेचार टनांच्या आत. डॉल्फिनची चूक इथे वेगळ्या रूपात दिसते: चौथी बंदूक कागदावर सोपी असते.

पोटातली रॉकेटपेटी मात्र मला मनापासून आवडते. नाकाच्या चाकामागे 68 मिमीची 50 रॉकेटे बसतात. झाडायच्या वेळी पेटी खाली उतरते, काम झाले की आत जाते, आणि पोट पुन्हा गुळगुळीत. कंबरेशी आवळलेल्या त्या देहाची रेषा बिघडू न देता एवढा दारूगोळा आत दडवणे, ही खरी कारागिरी. दोन आसनी मारुतमध्ये दुसऱ्या वैमानिकाला जागा मिळाली ती याच पेटीच्या बदल्यात.

पण मारुतमधली सर्वांत सुंदर गोष्ट बाहेरून दिसतच नाही. आवाजाच्या वेगाजवळ सुकाणूच्या पृष्ठांवर येणारा हवेचा दाब माणसाच्या दंडाला झेपत नाही, म्हणून त्या काळापासून स्टिकेमागे हायड्रॉलिक ताकद आली. स्टिक हलवायची, दाबाखालचे तेल काम करते. इथे जुना प्रश्न परत उभा राहतो. तेलाची नळी फुटली तर? शत्रूच्या तोफांना नेमकी तीच जागा सापडली तर? मारुतमध्ये हायड्रॉलिक गेले की सुकाणू आपोआप हातावर येत असे. वैमानिकाने काही शोधायचे नाही, कळ दाबायची नाही. स्टिक जड होते, आणि त्या जडपणातूनच त्याला कळते की तेल गेले, विमान आहे.

डिसेंबर 1971 मध्ये राजस्थान सीमेवर 10 व्या आणि 220 व्या स्क्वाड्रनची मारुते जमिनीलगत मारा करत होती. जमिनीवरून येणाऱ्या गोळ्यांनी काही पडलीही. पण हायड्रॉलिक गमावलेली मारुते हाताच्या जोरावर तळावर आणल्याचे प्रसंग एकाहून अधिक आहेत, आणि एका इंजिनावर परतल्याचेही. 7 डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षींनी मारुतमधून पाकिस्तानी सेबर पाडले. मारुतकडे हवेतल्या लढाईची क्षेपणास्त्रे नव्हती, सेबरकडे अर्ध्या इंचाच्या सहा मशीनगन. जड गोळे थोडे असावेत की हलक्या गोळ्या भरपूर, हा वाद 1940 पासून चालत आला आहे. एका लढाईने तो मिटत नाही, पण 30 मिमीच्या तोफांचे बळ त्या दिवशी दिसले.

आज बेळ्ळंदूरवरून जाणाऱ्या तेजसमध्ये स्टिक आणि पृष्ठे यांना जोडणारा दांडाच नाही. स्टिकेचा संदेश संगणकाकडे जातो. चार पदरी व्यवस्था असते, एक पदर गेला तरी बाकीचे सांभाळतात. ती वाट बरोबरच आहे, कारण हातावर आणून उडवण्याइतके ते विमान मुळात स्थिर ठेवलेलेच नाही. तरी तोफ आजही पोटाखाली घट्ट आवळलेलीच आहे, आणि नेम अजून विमानानेच धरायचा आहे.

मारुतची 147 विमाने बनली. इंजिनाने त्याला वेगात मागे ठेवले, चार तोफांच्या हादऱ्याने मानही खाली घालायला लावली. पण जखमी झाल्यावर वैमानिकाच्या हाताशी राहण्याचा त्याचा गुण, माझ्या मते, त्याच्या पिढीतल्या वेगवान नावाजलेल्या विमानांच्या तोडीचा आहे. मुंबईकरांना त्यासाठी बंगळुरूला यायची गरज नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातही एक मारुत ठेवला आहे. मुलांना घेऊन गेलात तर इंजिनाची रडकथा शेवटी सांगा. आधी नाकापाशी थांबा, तोफांची तोंडे मोजायला लावा, आणि मग विचारा: या चौघींचा नेम कोणी धरायचा?