'बॅटल चेस' : मोहऱ्यांचे सजीवीकरण आणि बुद्धिबळाचे रूप

बुद्धिबळ हा युद्धाचा खेळ होय, असे सामान्यतः म्हटले जाते. हत्ती, घोडा, उंट, प्यादे ही नावे सैन्याचीच आहेत. तथापि पटावर युद्धापैकी उरते ते केवळ बलाबलाचे नाते. भाषेनेही या खेळाची खूण सैन्यात न पाहता चौकटींत पाहिली आहे. अकोट ज्या सतरंज्यांसाठी ओळखले जाई, त्या 'सतरंजी' शब्दाच्या मुळाशी 'शतरंज'च आहे. तेथे मोहरे गळाले आणि घरांची आकृती तेवढी उरली.

'इंटरप्ले' या अमेरिकन संस्थेने १९८८ साली प्रथम अमिगा संगणकासाठी काढलेल्या 'बॅटल चेस' या खेळाने ही अमूर्तता मोडू पाहिली. त्यात मोहरे पावले टाकीत चालतात, वाटेतील मोहरे बाजूस सरतात आणि कोणी कोणास मारले यानुसार द्वंद्वाचे निराळे चलच्चित्र दिसते. या प्रयोगाचा लाभ नाकारता येत नाही. लाकडी प्यादे उचलून पेटीत टाकताना खेळणाऱ्याच्या मनावर ओरखडाही उमटत नाही. येथे मात्र आपण सहज देऊन टाकलेले प्यादे डोळ्यांदेखत मारले जाते. 'बळी' या शब्दाला त्याचा विसरलेला अर्थ काही काळ परत मिळतो.

परंतु मूर्त रूप देणे म्हणजे अनेक रूपांतून एकाची निवड करणे होय. मराठी खेळाडू ज्यास हत्ती म्हणतो, तो मोहरा येथे चालू लागताच पाषाणदैत्य बनतो. त्याचा वजीर जादूगार राणी होतो. उंटाच्या जागी धर्मगुरू येतो. अडीच घरांची झेप घेणारा घोडा तर चिलखत घातलेला पायदळी वीर होऊन इतरांमधून वाट काढीत जातो. पाश्चात्त्य संकेत निवडला हा दोष नव्हे. पण निर्जीव मोहरा दोन्ही नावांना सारखाच सामावून घेत होता आणि सजीव मोहऱ्याने ती मोकळीक गमावली, हे ध्यानात घ्यावे लागते.

याहून गंभीर प्रश्न युद्धाच्या प्रतीतीचा आहे. अकोटच्या परिसरातील अडगाव येथे नोव्हेंबर १८०३ मध्ये नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढाई झाली. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या रणांगणावर टिकून राहिलेल्या वेलस्लीच्या काही देशी पलटणी येथे तोफांचा मारा सुरू होताच फुटल्या. त्यांना पुन्हा जमवून उभे करावे लागले. अखेर जय इंग्रजांचा झाला, तरी त्या घटकेस तो निश्चित नव्हता. भय, गोंधळ आणि अनिश्चितता हा युद्धाचा प्राण आहे. 'बॅटल चेस'मधील प्यादे कधीही पळत नाही, आणि ज्याने चाल केली तोच द्वंद्वात जिंकतो. बुद्धिबळाच्या नियमाने निकाल आधीच लागलेला असतो. चलच्चित्र त्याचा केवळ अभिनय करते.

१९८३ च्या 'आर्कॉन' या खेळाशी तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. तेथे दोन मोहरे एका घरात आले की खेळाडूंना प्रत्यक्ष झुंजावे लागते आणि ज्याच्यावर चाल झाली तोही जिंकू शकतो. 'आर्कॉन'ने अनिश्चितता स्वीकारली आणि त्यासाठी बुद्धिबळाचा त्याग केला. 'बॅटल चेस'ला नियमही हवे होते आणि रणही. परिणामी नियम शाबूत राहिले व रणाचे सोंग झाले.

म्हणूनच त्यातील द्वंद्वे प्रथम रंजक वाटतात आणि पुनरावृत्तीने विचारात व्यत्यय आणू लागतात. राणीला गिळणारा पाषाणदैत्य पहिल्या वेळी विस्मय देतो. दहाव्या वेळी खेळाडू पुढील चालीची वाट पाहत बसतो. खेळ रचणाऱ्यांनी सजीवतेविना खेळण्यासाठी साधा सपाट पटही ठेवला आहे. ज्याला खरोखर डाव खेळायचा असतो तो अखेर त्या पटाकडे वळतो, कारण बुद्धिबळातील संघर्ष मोहऱ्यांच्या देहात नसून दोन बुद्धींच्या मध्ये असतो. मोहऱ्यांना हातपाय दिल्याने तो अधिक दृश्य झाला नाही. उलट काही काळ दृष्टीआड झाला.