कॉटन ग्रीन : एका स्थानकनामाची साक्ष

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड व शिवडी यांच्या मध्यें कॉटन ग्रीन हें स्थानक आहे. शहराच्या मानानें तें शांत. परंतु त्याचें नांव इतिहासाभ्यासकांनीं तपासून पाहावें असें आहे.

इ. स. २०२४ च्या जुलै महिन्यांत राज्याच्या विधिमंडळांत मुंबईंतील कांहीं स्थानकांचीं इंग्रजी नांवें बदलण्याविषयीं ठराव संमत झाला. त्यांत या स्थानकास काळाचौकी हें नांव सुचविलें आहे. तें नांव लोकांच्या तोंडचें आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो वर्गीकरणाविषयीं. त्याच यादींतील सँडहर्स्ट रोड हें नांव एका गव्हर्नराचें स्मारक होय. कॉटन ग्रीन हें कोणा साहेबाचें नांव नव्हे, तें एका बाजाराचें नांव आहे.

कोटांत सेंट थॉमस चर्चसमोरील हिरवळीवर पूर्वीं कापसाच्या गासड्या रचीत. इ. स. १८४४ मध्यें हा बाजार कुलाब्यास गेला व इ. स. १९२० नंतर शिवडीनजीकच्या भरावावर आला. गासड्यांबरोबर नांवही गेलें. तेव्हां या नांवावरून येथें एके काळीं हिरवळ होती असें अनुमान करणें जितकें चुकीचें, तितकेंच त्यास केवळ परकी सत्तेची खूण मानणेंही चुकीचें.

नवें नांव खुशाल लागो. मात्र जुन्या पाट्या, तिकिटें, वेळापत्रकें व गुदामांच्या पावत्या संग्राहकांनीं आतांच मिळवून जपाव्या, अशी आमची विनंति आहे.