सर्जनशील उद्योगांचे व्यवस्थापन : पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक चिकित्सा

प्रस्तावना

सांस्कृतिक व सर्जनशील उद्योगांचे व्यवस्थापन हा विषय विद्यापीठीय पातळीवर आता नवा राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये किंग्ज कॉलेज, गोल्डस्मिथ्स व वॉरिक यांसारख्या संस्थांतून या क्षेत्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. भारतातही मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘वेव्हज’ परिषदेत सर्जनशील अर्थव्यवस्थेवर भर देण्यात आला. या पार्श्वभूमीवर आपल्या विद्यापीठांतून व स्वायत्त महाविद्यालयांतून असे अभ्यासक्रम सुरू करण्याचा विचार होणे स्वाभाविक आहे. तथापि, परदेशी आराखडा स्वीकारण्यापूर्वी त्यामागील गृहीतके तपासणे आवश्यक ठरते. कलेतून उत्पन्न कसे निर्माण होते, हे हा अभ्यासक्रम तपशिलाने शिकवतो. कलाव्यवहारात तोटा झाला तर तो कोणी सोसावयाचा, या प्रश्नाला मात्र त्यात दुय्यम स्थान मिळते. त्याची खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

संज्ञेचा प्रवास

‘संस्कृती-उद्योग’ ही संज्ञा अडोर्नो व हॉर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात वापरली, ती टीकेसाठी. कारखान्यातील मालाप्रमाणे कलाकृतींचे साचेबद्ध उत्पादन होऊ लागले की माणसाची स्वतंत्र विचार करण्याची शक्ती क्षीण होते, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे ही संज्ञा बहुवचनी झाली आणि तिच्यातील आक्षेपाची धार कमी होत गेली. ब्रिटिश शासनाच्या संस्कृती विभागाने १९९८ मध्ये ‘सर्जनशील उद्योगां’ची पाहणी प्रसिद्ध केली. व्यक्तीच्या प्रतिभेतून व कौशल्यातून उगम पावणारे आणि बौद्धिक संपदेच्या आधारे संपत्ती व रोजगार निर्माण करू शकणारे व्यवसाय, अशी त्यांची व्याख्या करून जाहिरात, वास्तुकला, हस्तकला, चित्रपट, संगीत, प्रकाशन, सॉफ्टवेअर आदी १३ क्षेत्रे तीत समाविष्ट करण्यात आली. सॉफ्टवेअरच्या समावेशामुळे या क्षेत्राचे आर्थिक महत्त्व प्रत्यक्षाहून मोठे दिसते, असा आक्षेप निकोलस गार्नम यांनी २००५ मध्ये नोंदविला. जी संज्ञा एका चिकित्सेतून जन्मली, ती अर्धशतकानंतर धोरणाची व पदवीची संज्ञा झाली. अभ्यासक्रमाच्या मर्यादांचे मूळ या स्थित्यंतरात शोधावे लागते.

सिद्धान्त आणि अध्यापन यांतील अंतर

या विषयाचा सैद्धान्तिक पाया दुबळा आहे, असे म्हणता येणार नाही. बाउमोल व बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणातील मूलभूत पेच दाखवून दिला. चार वादकांसाठी रचलेले संगीत आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावे लागते. इतर उद्योगांत यंत्रांमुळे उत्पादकता वाढते व वेतन वाढते. कलेत उत्पादकता फारशी वाढत नाही, परंतु खर्च मात्र त्या वेतनाबरोबर वाढत राहतो. रिचर्ड केव्ह्ज यांनी २००० मध्ये दुसरा मुद्दा मांडला. कोणती कलाकृती लोकांना रुचेल, हे ती प्रत्यक्ष समोर येईपर्यंत कोणालाही सांगता येत नाही. या दोन्ही मांडण्या एकत्र वाचल्या असता एक निष्कर्ष अटळ ठरतो. कलाव्यवहारातील तोटा हा नेहमीच अकार्यक्षमतेचा परिणाम नसतो. तो बऱ्याच अंशी त्या व्यवहाराच्या रचनेतच असतो.

असे असता व्यवहाराभ्यासासाठी निवडली जाणारी उदाहरणे बहुधा यशस्वी संस्थांची असतात. विपणन, प्रकल्प नियोजन, निधिसंकलन व बौद्धिक संपदा हे विषय अनिवार्य, तर कलाश्रमाचा प्रश्न सांस्कृतिक धोरणाच्या एखाद्या घटकात आटोपला जातो. प्रत्यक्ष अनुभवाच्या नावाखाली विनावेतन काम करण्याची प्रथा या क्षेत्रात दीर्घकाळ चालत आली. ज्याला घरून आधार आहे, तोच असे काम स्वीकारू शकतो. म्हणजेच जोखीम सर्वांत दुबळ्या घटकावर ढकलण्याचा पहिला पाठ विद्यार्थ्याला स्वतःच्या अनुभवातून मिळतो.

मराठी कलाव्यवहाराची साक्ष

हा प्रश्न मराठी समाजाला अपरिचित नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भागीदारीत सुरू झालेली ही संस्था पुढे एकट्या बालगंधर्वांच्या शिरावर आली आणि तिच्याबरोबर कर्जाचा भारही आला. भरजरी वस्त्रे, अत्तरे व नेपथ्य यांवरील त्यांचा सढळ खर्च प्रसिद्ध आहे. हिशेबाची शिस्त नसेल तर अलौकिक प्रतिभा व अमाप लोकप्रियता यांनीही संस्था तरत नाही, हे या इतिहासातून दिसते. व्यवस्थापनाच्या शिक्षणाची गरज त्यामुळे नाकारता येत नाही. मात्र त्याच इतिहासातून हेही दिसते की भागीदारी संपली, तेव्हा तोट्याची वाटणीही संपली.

तमाशाच्या फडांचा व्यवहार याहून अधिक बोलका आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्या तेथे येऊन तारीख व सुपारीची रक्कम ठरवतात. फडमालकाला हंगामापूर्वीच कलावंतांना उचल द्यावी लागते आणि त्यासाठी अनेकदा कर्ज काढावे लागते. मागणीचा अंदाज, तारखांचे नियोजन, प्रवास, मनुष्यबळ व भांडवल यांचे हे एक संपूर्ण व्यवस्थापनशास्त्रच आहे. परंतु यात्रा रद्द झाली की कर्ज मालकावर व उचल कलावंतावर उरते. २०२० व २०२१ मध्ये करोनामुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा या व्यवस्थेत संकट पेलणारी कोणतीही यंत्रणा नाही, हे उघड झाले. राष्ट्रपती पुरस्काराने गौरविलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे उत्तरायुष्य आर्थिक विवंचनेत गेले. सन्मान आणि सुरक्षितता या भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

व्यक्तिकेंद्री व्याख्येची मर्यादा

ब्रिटिश व्याख्येचा पाया व्यक्तीची प्रतिभा हा आहे. पिढ्यान्‌पिढ्या समूहाने घडविलेल्या कलेला ती अपुरी पडते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील सादरीकरणात तिच्याशी स्पष्ट साम्य असलेल्या चपला दाखविल्या, तेव्हा प्रारंभी त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नव्हता. टीका झाल्यानंतर भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य करण्यात आले. येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा असा की भौगोलिक मानांकन मुख्यतः नावाचे संरक्षण करते. नाव न वापरता आकृतिबंध उचलला गेल्यास हे संरक्षण तोकडे ठरते. बौद्धिक संपदेचा पाठ्यघटक केवळ हक्कांची नोंदणी शिकवून थांबला, तर कारागिराचे नुकसान कोठे होते, हे विद्यार्थ्याला कळणारच नाही. याउलट कायदा बदलून वाटणी बदलता येते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा अधिक सुरक्षित करण्यात आला. ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून शिकविली जावीत.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला ४ श्रेयांकांचे स्थान मिळाले आहे. या तरतुदीचा उपयोग केवळ मोठ्या माध्यमसंस्थांत विद्यार्थी पाठविण्यासाठी न करता एखादा फड, नाट्यसंस्था, ग्रंथप्रकाशक अथवा कारागिरांची सहकारी संस्था यांच्या हंगामाचा पूर्ण जमाखर्च समजून घेण्यासाठी करता येईल. करारपत्राचे वाचन, विमा, कल्याणनिधी व सहकारी भांडवल हे विषय ऐच्छिक न ठेवता गाभ्यात आणणे, बंद पडलेल्या संस्थांचा अभ्यास अनिवार्य करणे आणि फडमालक, नाट्यव्यवस्थापक यांना अध्यापनात मानधनासह सहभागी करून घेणे, हे बदल मंडळांच्या अधिकारकक्षेत येतात. त्यांसाठी नव्या इमारतींची वा महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही.

कलेचा बाजार वाढविणारे पदवीधर तयार करणे तुलनेने सोपे आहे. पडलेल्या नाटकानंतर किंवा रद्द झालेल्या यात्रेनंतर ढोलकीवाल्याचे, शिलाई करणाऱ्याचे व पडदे ओढणाऱ्याचे पैसे कसे भागवावयाचे, याचे उत्तर देऊ शकणारा पदवीधर घडविणे कठीण आहे. अभ्यास मंडळांनी आराखडा मंजूर करताना हा निकष समोर ठेवला, तरच या विषयाला पदव्युत्तर शिक्षणात स्वतंत्र स्थान मागण्याचा अधिकार प्राप्त होईल.