'स्टंट डॉग्ज' : पडणाऱ्यांची नावे

'स्टंट डॉग्ज' ही अमेरिकन कार्टून मालिका १९९२-९३ च्या हंगामात तिथल्या दूरचित्रवाणी केंद्रांवर दाखवली गेली. ४० भाग निघाले आणि ती बंद पडली. पुढे तिचे नाव कोणी काढले नाही. एखादी कलाकृती विसरली गेली की ती सुमार होती एवढे कारण आपल्या समीक्षेला पुरते. ही मालिका सुमार होतीच, त्याबद्दल माझे दुमत नाही. विनोद उथळ, चित्रे घाईत काढलेली, हॉलिवुडची थट्टा हॉलिवुडला सोसेल इतपतच. तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण मुलांच्या करमणुकीत अंगमेहनत करणारा माणूस नायक म्हणून फार क्वचित येतो. राजपुत्र येतो, जादूगार येतो, परग्रहावरून आलेला महाबली येतो. पोटासाठी उंचावरून उडी मारणारा मजूर येत नाही. इथे तो आला होता. तो कसा आला आणि येताना त्याचे काय काय काढून घेतले गेले, हे पाहणे आपल्या कामाचे आहे. बालवाङ्मयाकडे आपल्या चळवळीने हवे तेवढे लक्ष दिलेले नाही, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

कथासूत्र साधे आहे. चित्रपटांत धोक्याची कामे करणाऱ्यांच्या दोन टोळ्या आहेत. एक चांगली, तिचे नाव 'स्टंट डॉग्ज'. तिचा म्होरक्या नीडहॅम. दुसरी वाईट, 'स्टंट स्कॅब्ज'. तिचा धनी रिचर्ड पी. फंगस हा दुष्ट दिग्दर्शक. फंगस कट रचतो, स्कॅब्ज तो अमलात आणायला जातात, डॉग्ज तो उधळतात. पुढच्या भागात पुन्हा तेच.

या मालिकेचा सैल आधार म्हणजे १९७८ चा 'हूपर' हा चित्रपट. त्याचा दिग्दर्शक हॅल नीडहॅम हा स्वतः स्टंटमन होता, आणि कार्टूनमधल्या म्होरक्याचे नाव त्याच्यावरूनच आले आहे. हा मनुष्य आर्कान्सामध्ये खंडाने शेती करणाऱ्या गरीब कुटुंबात वाढला. झाडे छाटण्याची कामे त्याने केली, सैन्यात छत्रीधारी सैनिक झाला आणि मग हॉलिवुडमध्ये दुसऱ्यांच्या वाट्याचे पडणे पडू लागला. आयुष्यभरात त्याची ५६ हाडे मोडली, दोनदा पाठ मोडली. 'हूपर' मध्ये हे सगळे उतरले आहे. त्यातला नायक उतारवयाकडे झुकलेला स्टंटमन आहे. वेदनाशामक गोळ्यांवर त्याचे दिवस निघतात. आणखी एक मोठा आपटा बसला तर अंग लुळे पडेल, असे डॉक्टरांनी बजावलेले असते. समोर एक तरणाबांड नवखा उभा राहिलेला असतो. त्या दोघांतल्या स्पर्धेला कारण आहे : एकाचे शरीर संपत आले आहे, दुसऱ्याचे अजून विकायचे आहे. आणि दोघांच्या जिवावर चित्रपट काढणारा दिग्दर्शक मात्र कलेच्या गप्पा मारतो आहे. शेवटी हूपर त्याच्या तोंडावर ठोसा लगावतो. 'हूपर' हा काही क्रांतिकारक चित्रपट नव्हे. दारू, मारामारी आणि पुरुषी बढाई यांनी तो भरलेला आहे. पण शरीर झिजते, आणि झिजलेल्या शरीराला बाजारात भाव राहत नाही, एवढे सत्य त्यात आहे.

मालिकेने 'हूपर' मधून दिग्दर्शकाचा दुष्टपणा घेतला आणि पाठीचा मणका टाकून दिला. कार्टूनच्या व्याकरणात माणूस कड्यावरून पडतो, पापडासारखा चपटा होतो आणि पुढच्या क्षणी अंग झटकून चालू लागतो. हे व्याकरण उंदीर-मांजराच्या गोष्टीत मुलांना गमतीचे वाटते, त्यावर माझा आक्षेप नाही. परंतु ज्यांचा धंदाच मुळी दुखापतीवर उभा आहे त्यांची गोष्ट, जिथे दुखापत टिकतच नाही अशा माध्यमात सांगायची, याचा अर्थ काय? स्टंटमनच्या श्रमाचे मोल पडण्यात नाही. पडताना हाड मोडू शकते, या शक्यतेत ते आहे. ती शक्यता काढून घेतली की उरतात फक्त उड्या. मूल हसते, आणि पडणाऱ्याला काही होत नसते अशी समजूत घेऊन मोठे होते. पुढे हेच मूल गटारात उतरणाऱ्या माणसाकडे, परातीवर उभ्या असलेल्या बांधकाम मजुराकडे, दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीकडे याच नजरेने पाहते.

प्रत्यक्षात काय होते ते 'हूपर' च्याच इतिहासात आहे. त्या चित्रपटासाठी ए. जे. बाकुनस या स्टंटमनने २३२ फुटांवरून उडी घेतली. तेव्हा तो विक्रम होता. पुढे डार रॉबिन्सन या दुसऱ्या स्टंटमनने तो मोडला. विक्रम परत मिळवावा म्हणून बाकुनस केंटकीमध्ये 'स्टील' नावाच्या चित्रपटासाठी सुमारे ३०० फुटांवरून पडला. खालची हवेची गादी फाटली आणि तो मेला. साल तेच, १९७८. प्रतिस्पर्धी स्टंटमन ही गोष्ट खरी अशी असते. त्यात चांगला कोणी नाही, वाईट कोणी नाही. दोघेही एकाच शिडीवर चढलेले असतात आणि शिडीची उंची तिसराच कोणी ठरवत असतो.

आता नावांकडे पाहू. चांगल्या टोळीतल्या माणसांची नावे स्प्लॅट, क्रॅश, स्किड, सिझल अशी आहेत. मराठीत सांगायचे तर फच्चकन आपटणे, धाडकन आदळणे, करकरत घसरणे आणि चरचरत भाजणे. यांना आईबापांनी नाव ठेवलेले नाही, कामाने ठेवले आहे. शरीर आपटल्यावर जो आवाज येतो तीच त्यांची ओळख. आडनाव म्हणावे असे नाव फक्त म्होरक्याला. आणि धनी असलेल्या फंगसला मात्र स्वतःचे नाव आहे, मधले आद्याक्षर आहे, आडनाव आहे. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आपल्या आज्या-पणज्यांची धोंडी, दगडी ही नावे आणि आज्या-पणजोबांच्या पिढीतले कचरू आठवा. लॉस एंजलिसमध्ये बसून मुलांसाठी विनोद लिहिणाऱ्यांना मनू ठाऊक असण्याचे कारण नाही. पण श्रमिकाला नाव देताना जगभरच्या लेखण्या सारख्याच वळतात.

आणखी एक गंमत. या टोळीबरोबर एक कुत्रा असतो आणि त्याचे नाव 'ह्यूमन', म्हणजे मानव. टोळी कुत्र्यांची आणि कुत्रा मानव, असा हा शब्दखेळ आहे. अमेरिकन मूल यावर हसून मोकळे होते. पण ज्यांच्या पूर्वजांना चवदार तळ्याचे पाणी निषिद्ध होते आणि त्याच तळ्यावर कुत्र्यांना मज्जाव नव्हता, त्यांना हा विनोद इतका निरागस वाटत नाही. लेखकांनी तो जाणून केला असता तर मालिका वेगळ्या उंचीवर गेली असती. त्यांनी तो सहज केला.

मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र 'स्कॅब' हा आहे. त्याचा मूळ अर्थ जखमेवरची खपली, खरूज. कामगारांच्या इंग्रजी बोलीत तो शिवी म्हणून वापरतात : संपफोड्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात ज्या घरांनी भांडी विकली, त्या घरांना या शिवीचे वजन समजावून सांगावे लागत नाही. पण या मालिकेत संप कुठे आहे? मागणी कुठे आहे? कोणाच्या घरची चूल विझली आहे? संपाच्या इतिहासातून शिवी तेवढी उचलली आणि वाईट टोळीच्या कपाळावर चिकटवली. स्कॅब वाईट, कारण तो स्कॅब. धन्याचे आडनाव फंगस, म्हणजे बुरशी. खरूज आणि बुरशी. वाईट माणूस म्हणजे कातडीचा रोग, ज्याला शिवू नये असा. विटाळाची ही भाषा आपल्याला परक्या देशातूनही ओळखू येते.

शिवाय 'संपफोड्या' हा शब्दही इतका सरळ नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर काय काय आरोप झाले ते आपण वाचले आहेत. त्याच डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. म्हणजे प्रश्न संपाचा नव्हता, संपाच्या आत माणूस म्हणून जागा आहे की नाही याचा होता. अमेरिकेतही १९१९ च्या पोलाद संपात मालकांनी काळे मजूर आणले. त्यांना संपफोडे म्हणणाऱ्या कित्येक संघटनांनी आपली दारे काळ्यांना आधीच बंद केली होती. ज्याला संघटनेत घेतले नाही त्याने संघटनेशी इमान का राखायचे, हा प्रश्न 'स्कॅब' हा शब्द उच्चारताना कोणी विचारत नाही. मुलांच्या मालिकेने तो विचारावा अशी अपेक्षा नाही. पण तिने शब्दाचे दार उघडून आत पाहायला काय हरकत होती?

हॉलिवुडच्या स्टंटमनांत टोळ्या खरोखरीच्या होत्या. १९६१ मध्ये त्यांची एक संघटना उभी राहिली. १९७० मध्ये नीडहॅम, ग्लेन वाइल्डर आणि रॉनी रॉन्डेल तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी 'स्टंट्स अनलिमिटेड' काढली. मालिकेला दोन टोळ्या इथून सुचल्या की नाही ते सोडून देऊ. या दोन टोळ्यांखेरीज आणखीही टोळ्या होत्या आणि त्या कार्टूनमध्ये आल्या नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. १९६७ मध्ये एडी स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काळ्या स्टंटमनांची स्वतंत्र संघटना स्थापन केली. स्टंट करणाऱ्या स्त्रियांची संघटनाही त्याच वर्षीची. ही गरज का पडली? काळ्या नटाच्या जागी पडायची वेळ आली की गोऱ्या स्टंटमनच्या तोंडाला काळा रंग फासत आणि त्याला पाडत. बाईच्या जागी पुरुषाला केसांचा टोप घालून पाडत. जखम, तिची मजुरी आणि तिचा थोडासा मान, हेही गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले होते. कोणाला वाटेल ही जुनी गोष्ट झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'गोथम' या मालिकेसाठी एका गोऱ्या स्टंट करणारीला काळे रंगवण्याचा बेत उघडकीला आला आणि वॉर्नर ब्रदर्सला ती चूक होती असे जाहीर करावे लागले. आपल्याकडे राखीव जागा म्हटले की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी ही राखीव जागाही पाहावी.

तोंड एकाचे आणि हाड दुसऱ्याचे, हा या धंद्याचा नियम आहे. 'शोले' (१९७५) मधला बसंतीचा टांगा सगळ्यांना आठवतो. त्यातली धोक्याची दृश्ये रेश्मा पठाण यांनी केली, हे किती जणांना ठाऊक आहे? कार्टूनचा धंदाही याच नियमावर चाले. त्या काळात अमेरिकन मालिकांची हजारो चित्रे कोरिया, तैवान, फिलिपिन्समधले कारागीर काढत, आणि मूल मात्र ती अमेरिकेची म्हणून पाही. पडणाऱ्यांची गोष्ट सांगणाऱ्या माध्यमाच्या मागे अशीच न दिसणारी माणसे होती.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन टोळ्या भांडतात पण भांडण लावणारा दिग्दर्शक आहे, हे तिने लपवले नाही. पैसा त्याच्याकडे, यंत्रे त्याच्याकडे, स्कॅब्ज त्याचे. मुलांसाठीच्या करमणुकीत एवढेही सहसा नसते. पण फंगस वाईट आहे कारण तो लबाड आहे, विक्षिप्त आहे, कुरूप आहे. तो सज्जन असता तर? गोड बोलणारा, सामाजिक जाणिवेचा, अन्यायाविरुद्ध चित्रपट काढणारा असता तर? मालिकेकडे या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिच्या जगात धन्याचा दोष त्याच्या स्वभावात आहे.

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे. १३ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत नागपट्टिनमजवळ 'वेट्टुवम' या चित्रपटाच्या चित्रीकरणात गाडी उलटवण्याचे दृश्य करताना स्टंट कलावंत एस. एम. राजू यांचा मृत्यू झाला. चित्रपट पा. रंजित यांचा. ज्यांच्या चित्रपटांनी दलित माणसाला पडद्यावर ताठ मानेने उभे केले, ज्यांची नावे आपण अभिमानाने घेतो, त्यांच्यापैकी ते एक. रंजित यांनी दुःख व्यक्त केले. पोलिसांनी त्यांच्यावर आणि इतरांवर गुन्हा नोंदवला. त्याचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल, आणि या मृत्यूचा आधार घेऊन रंजित यांच्या विचारांवर तोंडसुख घेणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. पण आपल्या माणसाच्या चित्रीकरणस्थळी मजूर मेला, तर त्याविषयी आपण किती मोठ्याने बोलायचे? हॉलिवुडच्या चित्रीकरणात कोणी मेले असते तर बोललो असतो तेवढ्या मोठ्याने, की थोडे हळू? गाडीच्या वेगाला, उताराच्या कोनाला आणि फुटणाऱ्या काचेला दिग्दर्शकाची विचारसरणी कळत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकन चित्रपट अकादमीने जाहीर केले, की २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्यात येईल. हॅल नीडहॅमला अकादमीने २०१२ मध्ये मानाचा पुरस्कार दिला होता, पुढच्या वर्षी तो वारला. नव्या पारितोषिकाचे नाव 'स्टंट डिझाइन' असे आहे. म्हणजे आखणी करणाऱ्याचा गौरव होणार. प्रत्यक्ष पडणारा व्यासपीठाखाली बसून टाळ्या वाजवील.